पुन्हा पुन्हा दुखणारं लहान डोकं

तीन-चार वर्षांचं मूल ‘माझं डोकं दुखतंय’ असं क्वचितच सांगतं. ते खेळता खेळता थांबतं. आईच्या कुशीत तोंड खुपसतं, दिवा लावला की रडतं, ताट पुढे केलं की ढकलून देतं. चेहरा पांढराफटक पडतो. कुठे दुखतंय असं विचारलं तर कधी डोक्याला हात लावतं, तर कधी पोटाला. एखादी उलटी होते, मूल गाढ झोपी जातं आणि दोन तासांनी उठून असं धावायला लागतं, की मघाशी खरंच काही होत होतं का, अशी शंका यावी. पंधरा-वीस दिवसांनी तोच प्रकार पुन्हा घडतो.

मग घरात मतं फुटतात. आजीला वाटतं, दृष्ट लागली. वडिलांना वाटतं, शाळा बुडवायचे बहाणे आहेत. आई रात्री मोबाइलवर शोधायला बसते आणि ‘ब्रेन ट्यूमर’ हे शब्द वाचून तिची झोप उडते. तिघांनाही मुलाची काळजी आहे. पण या गडबडीत सगळ्यांत उपयोगाचं काम राहून जातं. ते म्हणजे दुखणं नीट पाहणं. ते कधी येतं, किती वेळ राहतं, येताना काय घेऊन येतं आणि दोन दुखण्यांच्या मधल्या काळात मूल कसं असतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांच्या हातात निदानाचा मोठा भाग असतो. लहान मुलांच्या डोकेदुखीत यंत्रापेक्षा या निरीक्षणाचं मोल जास्त आहे. ते का, आणि निरीक्षण करायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं, हे या प्रकरणात पाहू.

किती मुलांचं डोकं दुखतं?

हा प्रश्न पहिल्यांदा नेटाने विचारला तो स्वीडनमधले बालरोगतज्ज्ञ बू बिले यांनी. उप्सला शहरातल्या सुमारे ९ हजार शाळकरी मुलांची पाहणी करून त्यांनी १९६२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सात वर्षांची होईपर्यंत १०० पैकी जवळजवळ ४० मुलांना कधी ना कधी डोकेदुखी झालेली होती, आणि १.४ टक्के मुलांना चक्क अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन होता. पंधराव्या वर्षापर्यंत हे आकडे अनुक्रमे ७५ टक्के आणि ५.३ टक्क्यांवर गेले. डोकेदुखी हा मोठ्यांचा आजार आहे, ‘एवढ्याशा पोराला कसली आलीय डोकेदुखी’, हा समज त्या पाहणीने कायमचा मोडीत काढला.

बिले तिथेच थांबले नाहीत. त्यांतल्या जास्त त्रास असणाऱ्या ७३ मुलांचा त्यांनी पुढे ४० वर्षं पाठपुरावा केला. तरुणपणी बऱ्याच जणांचा त्रास थांबला, काहींचा काही वर्षांनी परत आला, आणि पन्नाशीच्या आसपास पोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना अर्धशिशी होतीच. ‘मोठा झाला की आपोआप जाईल’ असं जे आपण सहज म्हणतो, ते काहींच्या बाबतीत खरं ठरतं, पण सगळ्यांच्या नाही. म्हणूनच लहानपणीच तिची ओळख पटणं आणि तिच्याशी जमवून घ्यायची सवय लागणं महत्त्वाचं.

दुखतं ते काय?

मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही. जागं असलेल्या रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करता येते ती यामुळेच. दुखतात त्या मेंदूभोवतालच्या गोष्टी: त्याची आवरणं, त्या आवरणांतल्या रक्तवाहिन्या, कवटीवरचे आणि मानेचे स्नायू, सायनसच्या पोकळ्या, दात, डोळे, कान. या बहुतेक भागांतली वेदना ट्रायजेमिनल नावाच्या एकाच मोठ्या मज्जातंतूमार्फत मेंदूपर्यंत पोचते. मानेच्या वरच्या भागातल्या नसाही त्याच ठाण्यावर येऊन मिळतात. त्यामुळे दाढेचं दुखणं कपाळावर जाणवू शकतं, आणि मानेचं डोळ्यामागे. दुखणारी जागा आणि बिघडलेली जागा एकच असेल असं नाही. चार वर्षांच्या मुलाला तर जागाही धड सांगता येत नाही. मग धागा कुठून पकडायचा?

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधले बालमेंदूविकारतज्ज्ञ डेव्हिड रॉथनर यांनी यावर एक साधी वाट दाखवली, आणि जगभरातले बालरोगतज्ज्ञ आज तिच्यावरूनच चालतात. दुखण्याच्या जागेपेक्षा त्याची काळाबरोबरची चाल पाहायची. ढोबळमानाने चार चाली. पहिली, एकदाच आणि अचानक आलेली डोकेदुखी: ताप, सर्दी, कानाचं दुखणं, डोक्याला लागलेला मार. दुसरी, अधूनमधून जोरात येणारी आणि मधल्या काळात पूर्ण नाहीशी होणारी. तिसरी, जवळजवळ रोजची, पण महिनोन्‌महिने तेवढीच राहणारी. चौथी, दिवसागणिक वाढत जाणारी. या प्रकरणाचा विषय पुन्हा पुन्हा येणारं तीव्र दुखणं हा आहे, म्हणून आपला मुक्काम मुख्यतः दुसऱ्या आणि चौथ्या चालीवर राहील. या दोन चालींतला फरक ओळखता आला की घरच्यांची निम्मी भीती कमी होते आणि उरलेली निम्मी योग्य कामाला लागते.

येते आणि जाते: मुलांमधली अर्धशिशी

मूल एरवी ठणठणीत आहे, खेळतंय, वाढतंय, आणि मधूनच एखाद्या दिवशी डोकेदुखीने पार गळून जातं. या चित्रामागचं सर्वांत सामान्य कारण अर्धशिशी हेच असतं. पण मोठ्यांची अर्धशिशी डोळ्यांसमोर ठेवून मुलाकडे पाहिलं तर ती ओळखू येत नाही. मोठ्यांचं दुखणं बहुधा एका बाजूला असतं, मुलांचं दोन्ही बाजूंना, बहुतेकदा कपाळावर. मोठ्यांचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. मुलांचा दोन तासांतही संपू शकतो, आणि अगदी लहानग्यांचा त्याहूनही लवकर. मळमळ, उलटी, फिकट चेहरा आणि पोटात दुखणं मात्र मुलांमध्ये ठळक असतं. उजेड आणि आवाज सहन होत नाही हे मूल शब्दांत सांगत नाही. ते पांघरूण डोक्यावर ओढून घेतं, टीव्ही बंद करायला लावतं, अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतं. नेहमी कार्टूनसाठी हट्ट करणारं मूल स्वतःहून टीव्ही बंद करायला सांगतं, तेव्हा त्याला खरोखर दुखत असतं, हे धरून चाला. झोप हा मुलांच्या अर्धशिशीवरचा मोठा उतारा आहे. गाढ झोपेतून मूल बहुतेक वेळा बरं होऊनच उठतं.

वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात हे प्रमाण साधारण सारखं असतं, काही पाहण्यांत मुलग्यांमध्ये थोडं जास्तच. पाळी सुरू होण्याच्या वयानंतर मुलींचं प्रमाण बरंच पुढे जातं. घराण्याचा धागा तर फार वेळा सापडतो. आईचं, मावशीचं किंवा वडिलांचं डोकं ‘उन्हातून आलं की उठतं’, ‘उपास केला की चढतं’ असं घरात वर्षानुवर्षं ऐकलेलं असतं, पण त्याला कोणी अर्धशिशी म्हटलेलं नसतं. डॉक्टरांनी ‘घरात कोणाला मायग्रेन आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘घरात कोणाचं डोकं वरचेवर दुखतं का’ असं विचारलं की तीन नावं निघतात.

डोकं दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी अर्धशिशी वेगळ्या रूपात येऊन गेलेली असू शकते. काही तान्ह्या बाळांची मान मधूनमधून एका बाजूला कलते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप सरळ होते. दोन-तीन वर्षांचं एखादं मूल अचानक घाबरून खांबाला किंवा आईला घट्ट धरतं, कारण त्याला गरगरतं, आणि काही मिनिटांत ते पूर्ववत खेळू लागतं. काही मुलांना ठरावीक अंतराने उलट्यांचे झटके येतात. काहींच्या बेंबीभोवती तासन्‌तास दुखतं आणि तपासण्यांत पोटाचा काही दोष सापडत नाही. ही सगळी अर्धशिशीचीच भावंडं मानली जातात, आणि अशा मुलांपैकी अनेकांना पुढे डोकेदुखी सुरू होते. गाडी लागण्याची खोडही या मुलांमध्ये पुष्कळदा दिसते. अर्थात मान कलणं किंवा चक्कर येणं यामागे दुसरी, गंभीर कारणंही असू शकतात, म्हणून हे निदान डॉक्टरांनी तपासल्यावरच करायचं असतं.

झटक्याच्या वेळी मेंदूत काय घडतं याचा एक महत्त्वाचा दुवा १९४४ साली मिळाला. ब्राझीलचे शास्त्रज्ञ अरिस्तिदेस लेआँव यांना प्राण्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत-हालचाल मंदावत नेणारी एक लाट सरकताना दिसली. तिचा वेग मिनिटाला जेमतेम तीन मिलिमीटर. काही रुग्णांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या वाकड्यातिकड्या रेषा दिसतात, आणि त्या हळूहळू नजरेच्या एका टोकाकडे सरकतात. त्यांचा वेग या लाटेशी जुळतो. लाटेमागून ट्रायजेमिनल मज्जातंतू चेतवला जातो, मेंदूच्या आवरणांतल्या रक्तवाहिन्यांभोवती वेदना वाढवणारी रसायनं सुटतात आणि ठणका सुरू होतो. काही मुलांना या काळात स्वतःचे हात खूप मोठे झाल्यासारखे वाटतात किंवा समोरची आई बाहुलीएवढी दिसते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन टॉड यांनी १९५५ साली या अनुभवांचं वर्णन करताना त्यांना ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ या गोष्टीतल्या अ‍ॅलिसचं नाव दिलं. मूल असं काही सांगू लागलं तर त्याला खोटारडं म्हणू नका. ऐकून घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

शब्द नाहीत, पण रंगखडू आहेत

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले कार्ल स्टाफस्ट्रॉम आणि त्यांचे सहकारी यांनी शब्दांची अडचण फार सुंदर रीतीने ओलांडली. डोकेदुखीसाठी आलेल्या ४ ते १९ वर्षांच्या २२६ मुलांना त्यांनी तपासण्याआधी कागद आणि पेन्सिल दिली आणि सांगितलं, तुझं डोकं कसं दुखतं ते काढ. कोणी डोक्यावर हातोडा मारणारा माणूस काढला, कोणी उलटी करणारा स्वतःचा चेहरा, कोणी दिवा बंद करून अंथरुणात पडलेलं मूल, कोणी डोळ्यांपुढचे काळे ठिपके. फक्त ही चित्रं पाहून अर्धशिशी आहे की नाही हे दुसऱ्या डॉक्टरांनी ठरवलं, आणि मग ते प्रत्यक्ष तपासणीच्या निदानाशी ताडून पाहिलं. अर्धशिशी असलेल्या मुलांपैकी ९३ टक्के मुलांची ओळख चित्रांवरून बरोबर पटली होती. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

घरीही हे करता येतं. त्यासाठी काही खर्च नाही. दुखणं ओसरल्यावर, मूल शांत असताना, ‘मघाशी कसं होत होतं, काढून दाखवशील?’ एवढंच विचारायचं. काय काढायचं ते सुचवायचं नाही. तो कागद तारीख घालून जपून ठेवायचा आणि डॉक्टरांकडे न्यायचा.

उगाच बदनाम झालेली कारणं

डोकं दुखलं की आपल्याकडे पहिला संशय डोळ्यांवर जातो. चष्म्याचा नंबर असेल तर वाचताना ताण येऊन कपाळ जड होऊ शकतं, पण ते दुखणं सौम्य असतं, डोळ्यांच्या कामानंतर येतं आणि विश्रांतीने जातं. उलटी होण्याइतकी तीव्र डोकेदुखी केवळ नंबरामुळे सहसा होत नाही. तरीही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणं मोलाचं आहे, ते वेगळ्या कारणाने. डोळ्यात थेंब टाकून आतल्या पडद्याची तपासणी केली की मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूचं तोंड दिसतं. कवटीच्या आतला दाब वाढला असेल तर तिथे सूज दिसू शकते. काही मिनिटांच्या या तपासणीतून मोठ्या आजाराचा सुगावा लागतो. म्हणून नुसता नंबर काढून परतू नका, ‘डोळ्याचा पडदाही तपासा’ असं आवर्जून सांगा.

दुसरा नेहमीचा आरोपी सायनस. नवजात बाळाला गालांमागच्या आणि नाकाच्या मुळाशी असलेल्या पोकळ्या लहान स्वरूपात असतात, पण कपाळातली पोकळी सहा-सात वर्षांच्या सुमारास कुठे आकार घेऊ लागते आणि किशोरवयात पूर्ण होते. चार वर्षांच्या मुलाचं कपाळ दुखतंय म्हणून कपाळाच्या सायनसला दोष देणं म्हणजे न बांधलेल्या खोलीत चोर शोधणं. सायनसचा संसर्ग असेल तर दाट शेंबूड, बंद नाक, खोकला, ताप हे सोबत असतंच. अर्धशिशीतही नाक वाहू शकतं आणि डोळ्यांत पाणी येऊ शकतं, त्यामुळे अनेक मुलं वर्षभर प्रतिजैविकं घेत राहतात आणि दुखणं तसंच राहतं.

किडलेली दाढ, कानातला संसर्ग आणि वाढलेले अ‍ॅडेनॉइड मात्र तपासायलाच हवेत. मूल तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, मध्येच श्वास अडखळत असेल आणि सकाळी उठताना डोकं दुखत असेल, तर रात्रभर नीट श्वास न मिळाल्याचा तो परिणाम असू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवल्यावर यावर चांगला उपाय होतो.

घरात आणि शाळेत दडलेल्या ठिणग्या

अर्धशिशीची प्रवृत्ती जन्मासोबत येते, पण झटका पेटवणाऱ्या ठिणग्या रोजच्या दिनक्रमात असतात. भूक, तहान, अपुरी झोप, ऊन, प्रवास, तीव्र वास, मनावरचा ताण. आपल्याकडच्या शाळकरी मुलाची सकाळ डोळ्यांपुढे आणा. रात्री उशिरा झोपलेलं मूल पहाटे सहाला उठतं, अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटांवर घरातून निघतं, व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसतं, शाळेच्या मैदानात उन्हात प्रार्थनेला उभं राहतं. शाळेचं स्वच्छतागृह घाणेरडं म्हणून, विशेषतः मुली, दिवसभर पाणी पीत नाहीत. दुपारी पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते. मग चारला डोकं ठणकायला लागतं.

‘रविवारी कसं दुखत नाही?’ असा टोमणा मुलांना मिळतो. त्याचं उत्तर इथे आहे. रविवारी मूल पुरेसं झोपलेलं असतं, पोटभर खाल्लेलं असतं, घरात सावलीला असतं. सुटीच्या दिवशी न दुखणं हा खोटेपणाचा पुरावा नाही, ठिणगी कुठे आहे याचा तो पत्ता आहे. ती ठिणगी कधी भीतीचीही असते: वर्गात कोणी त्रास देतंय, वाचताना अक्षरं जुळत नाहीत, एखाद्या तासाला मार बसतो, घरात सतत भांडणं चालू आहेत. अशा ताणाने येणारी वेदना खरीच असते. मुलाला आधी ‘तुझं दुखतंय हे मला पटतंय’ असं सांगितलं, तरच ते पुढचं सांगतं.

झोपेचा हिशेब एकदा कागदावर करून पाहा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप हवी, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. शाळा सकाळी सातची असेल तर सहा वर्षांच्या मुलाने रात्री साडेआठ-नऊला झोपायला हवं. किती घरांत हे होतं? चहा-कॉफीची सवय लहान वयात लावू नये, याचं एक कारण हेही आहे की रोजची सवय एक दिवस मोडली की त्यानेही डोकं दुखतं.

एक ठिणगी मात्र थेट जिवावर बेतू शकते. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, थंडीत बंद खोलीत पेटवलेली शेगडी, धुराला वाट नसलेली चूल यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आंघोळीनंतरच डोकं दुखतं, चक्कर येते, घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं, असं दिसलं तर डोक्याला बाम चोळत बसू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, गीझर बंद करा, आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.

चढत जाणारं दुखणं

आता चौथ्या चालीकडे. आई-वडिलांना जी भीती वाटते ती या चालीशी जोडलेली आहे, आणि ती भीती इथे कामाची आहे. कवटी हाडांची, बंद. आत गाठ वाढली, पाणी साचलं किंवा सूज आली की दाब वाढतो. तो एकदा वाढला की आपोआप उतरत नाही, त्यामुळे दुखणं आठवड्यागणिक जास्त वेळा, जास्त जोरात येतं आणि मधले बरे दिवस कमी होत जातात. आडवं पडल्यावर दाब आणखी वाढतो, म्हणून मूल दुखण्याने पहाटे जागं होतं, उठल्याबरोबर उलटी करतं. खोकलं, शिंकलं, कुंथलं की वेदना उसळते. दोन वर्षांखालच्या बाळाच्या कवटीची हाडं पुरती जुळलेली नसतात. त्यामुळे दुखण्याआधी डोक्याचा घेर वाढतो, टाळू फुगते, बाळ चिडचिडं होतं.

मुलांमधल्या मेंदूच्या अनेक गाठी डोक्याच्या मागच्या भागात, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूजवळ होतात. त्यामुळे मूल अडखळायला लागतं, जिना उतरताना धरून चालतं, मान एका बाजूला कललेली ठेवतं, डोळा तिरळा होतो, एकाचे दोन दिसतात. अशा गाठी मुळात दुर्मीळ आहेत, आणि असतील तर डोकेदुखी फार काळ एकटी राहत नाही. ही सोबतची लक्षणं लोकांना आणि डॉक्टरांना लवकर ओळखता यावीत म्हणून ब्रिटनमध्ये २०११ साली ‘हेडस्मार्ट’ ही मोहीम सुरू झाली. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत पूर्वी मध्यमानाने १४ आठवडे जात, पुढे तो काळ सात आठवड्यांच्या आत आला. नवीन यंत्र आलं नव्हतं. काय पाहायचं हे लोकांना कळलं होतं.

भारतात आणखी दोन आजार लक्षात ठेवावे लागतात. पहिला क्षयाचा मेंदूज्वर. तो घाईने येत नाही. बारीक ताप, भूक जाणं, वजन घटणं, चिडचिड, डोकेदुखी, मधूनच उलटी, असे दोन-तीन आठवडे जातात, आणि मग मूल सुस्तावतं, डोळा तिरळा होतो, आकडी येते. घरात किंवा शेजारी कोणाला क्षय झाला असेल तर ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. जन्मानंतर दिली जाणारी बीसीजी लस लहान मुलांना क्षयाच्या या रूपापासून बरंच संरक्षण देते, पण पूर्ण हमी देत नाही. दुसरा आजार पट्टकृमीच्या अळीमुळे मेंदूत होणाऱ्या गाठीचा. या कृमीची अंडी न धुतलेल्या कच्च्या भाज्या, दूषित पाणी आणि अस्वच्छ हातांतून पोटात जातात, त्यामुळे कट्टर शाकाहारी घरातही हा आजार होतो. तो बहुतेकदा आकडीने उघडकीला येतो, सोबत डोकेदुखी आणि उलट्या असू शकतात. दोन्ही आजारांवर उपचार आहेत. क्षयाच्या मेंदूज्वरात मात्र गेलेला प्रत्येक दिवस महागात पडतो.

याशिवाय मुलाचा रक्तदाब मोजायला विसरू नये. मूत्रपिंडाच्या आजारात तो चढतो आणि डोकं दुखतं, पण लहान मुलाचा रक्तदाब मोजलाच जात नाही असं अनेकदा होतं.

खालीलपैकी काहीही दिसलं तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

- डोकेदुखीसोबत ताप आणि ताठ मान, गुंगी किंवा असंबद्ध वागणं
- आकडी, हातापायात अशक्तपणा, बोलणं अडखळणं
- पहाटे झोपमोड करणारं दुखणं आणि उठताच उलट्या, विशेषतः वारंवार
- नवा तिरळेपणा, दोन दिसणं, नजर कमी होणं
- तोल जाणं, मान सतत कललेली राहणं
- डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं
- अचानक, क्षणार्धात शिगेला पोचलेली भयंकर वेदना
- डोकेदुखी असलेलं मूल पाच वर्षांहून लहान असणं, किंवा पूर्वीच्या दुखण्याची तऱ्हा एकदम बदलणं. यात घाबरायचं नाही, पण बालरोगतज्ज्ञांची तपासणी लवकर करून घ्यायची.

स्कॅन कोणाचा करायचा?

‘एकदा एमआरआय करून टाकू, मनाची शांती’, असं आई-वडील म्हणतात. ते समजण्यासारखं आहे. पण २००२ साली अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा दिसलं, की वरचेवर डोकं दुखणाऱ्या ज्या १४ मुलांमध्ये स्कॅनमधून शस्त्रक्रियेची गरज निघाली, त्या सगळ्यांच्या शारीरिक तपासणीतच डॉक्टरांना दोष दिसलेला होता. चालणं, तोल, नजर, डोळ्याचा पडदा, हातापायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया नीट तपासल्या आणि त्या ठीक असल्या, इतिहासही येणाऱ्या-जाणाऱ्या दुखण्याचा असला, तर सरसकट स्कॅनचा उपयोग होत नाही. सीटी स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो, आणि लहान मुलाच्या एमआरआयसाठी बहुधा झोपेचं औषध किंवा भूल द्यावी लागते. धोक्याचं लक्षण असेल तर मात्र खर्चाचा, अंतराचा विचार न करता स्कॅन करायलाच हवा.

उपचार

झटका आला की मुलाला अंधाऱ्या, शांत, हवेशीर खोलीत झोपवावं, पाण्याचे घोट द्यावेत आणि वेदनाशामक द्यायचं असेल तर ते दुखणं सुरू होताच द्यावं. ठणका शिगेला पोचल्यावर औषध नीट लागू पडत नाही. मुलांसाठी पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही दोन नेहमीची औषधं. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते आणि ती डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. ताप असेल आणि डेंग्यूची शक्यता असेल, तर आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन टाळावं. मुलांना अ‍ॅस्पिरिन एरवीही देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम हा दुर्मीळ पण घातक विकार होऊ शकतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देणं तर कधीच नको. आणि साधी वेदनाशामकंसुद्धा महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ दिली, तर त्या औषधांमुळेच रोज डोकं दुखू लागू शकतं.

झटके टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधंही असतात. २०१७ साली अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत अशा दोन औषधांची तुलना औषध नसलेल्या गोळीशी केली. दोन औषधांनी अनुक्रमे ५२ आणि ५५ टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले. औषध नसलेल्या गोळीने ६१ टक्के मुलांचे. या सगळ्या मुलांनी डोकेदुखीची नोंद ठेवली होती, आणि त्यांच्याकडे कोणीतरी नियमित लक्ष देत होतं. काही मुलांना रोजच्या औषधाची गरज असते, ती डॉक्टर ठरवतील. पण पहिला उपचार म्हणून वेळेवर झोप, वेळेवर खाणं, पुरेसं पाणी, रोजचा मैदानी खेळ आणि मुलाच्या तक्रारीवर विश्वास यांना कमी लेखू नका.

एक वही ठेवा

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, किती तास चाललं, उलटी झाली का, उजेड नकोसा झाला का, आदल्या रात्रीची झोप, त्या दिवशीचं खाणं-पाणी, काय दिलं आणि किती वेळात उतरलं, एवढं लिहा. दुखत नसलेल्या दिवसांत मूल कसं असतं, हेही लिहा, कारण दुसऱ्या आणि चौथ्या चालीतला फरक तिथेच कळतो. मुलाने काढलेलं चित्र त्यातच ठेवा. झटक्याच्या वेळचा मोबाइलवरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओही कामाला येतो, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत मूल बहुधा हसत-खेळत असतं.

सहा-आठ आठवड्यांच्या नोंदी घेऊन गेलेल्या आई-वडिलांशी डॉक्टरांचं बोलणं वेगळ्याच पातळीवर होतं. ‘सारखं दुखतं हो’ याच्या जागी ‘महिन्यात चारदा, तीनदा शाळेतून आल्यावर, डबा न खाल्लेल्या दिवशी’ असं सांगितलं जातं, आणि उपचाराची दिशा तिथेच ठरते. क्वचित हीच वही धोक्याची सूचना देते: अंतर कमी होत चाललंय, सकाळच्या उलट्या वाढल्यात. तेव्हा ती वेळीच स्कॅनपर्यंत पोचवते. मूल आपलं दुखणं सांगू शकत नाही तोवर ते पाहून, लिहून, योग्य माणसापर्यंत नेणं हे त्याच्या मोठ्यांचं काम आहे, आणि ते कोणत्याही गावात, कोणत्याही घरात, आजपासून करता येण्यासारखं आहे.